थिसिस, अर्ज, रिपोर्ट लिहिताना इटॅलिक कुठे, अंडरलाईन कुठे अन् कॅपिटल कुठे

सबमिशनची तारीख जवळ आली की नागपुरात बर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत पोट्टे-पोट्ट्या पेनड्राईव्ह घेऊन उभे दिसतात, कुणाचा प्रोजेक्ट, कुणाचं डिझर्टेशन, कुणाचा पीएचडीचा सिनॉप्सिस, अन् फाईल उघडली की बहुतेकांची एकच तऱ्हा, जे महत्त्वाचं वाटलं ते आधी बोल्ड केलं, मग त्याला अंडरलाईन दिली, मग सगळं कॅपिटल केलं, तरी मन भरलं नाही तर तिरपं पण करून टाकलं. आतलं काम चांगलं असतं हो, मुलं दोन-दोन वर्षं राबलेली असतात, पण तपासणाऱ्याच्या नजरेला पहिल्यांदा पानच पडतं, अन् तसं पान पाहिलं की त्याला वाटतं ह्याला लिहिण्याची शिस्त नाही. फार वाईट वाटतं मला हे पाहून, कारण नियम खरंच थोडे आहेत.

मूळ गोष्ट अशी की इटॅलिक, अंडरलाईन, कॅपिटल ह्यांना ठरलेले अर्थ आहेत आणि वाचणारा ते अर्थ धरूनच वाचतो. इटॅलिक दिसलं की त्याला कळतं हे पुस्तकाचं नाव, किंवा परक्या भाषेतला शब्द, किंवा सजीवाचं शास्त्रीय नाव. कॅपिटल दिसलं की कळतं हे विशेषनाम. म्हणून एका कामाला एकच खूण वापरायची, एकावर एक चढवायच्या नाहीत. आणि दुसरं, जे आपल्याकडे कुणी सांगतच नाही, ते म्हणजे हे सगळे इंग्रजीचे नियम आहेत, देवनागरीला ते जसेच्या तसे लावले की अक्षरं बिघडतात. देवनागरीचं वेगळं सांगतो खाली, आधी इंग्रजीचं पाहू कारण बहुतेकांचं अडतं तिथेच.

अंडरलाईन आली कुठून

हे माहीत असलं की अर्धा गोंधळ मिटतो. इटॅलिक टाईप जुना आहे, व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं तो कोरला आणि १५०१ साली त्या टाईपात अख्खं पुस्तक छापलं गेलं. तेव्हा ते जोर द्यायला नव्हतं, पूर्ण मजकूरच तिरपा असायचा, नंतर हळूहळू सरळ मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवायला तो वापरात आला. पण टाईपरायटरवर एकच टाईप, तिरपं अक्षर येणार कुठून, म्हणून लोक शब्द टाईप करायचे, गाडी मागे आणायचे आणि त्याच्याखाली रेघ मारायचे. छापखान्यातल्या कंपोझिटरला ती रेघ म्हणजे सूचना होती की हा शब्द इटॅलिकमध्ये जुळव. प्रुफं तपासणारे लोक अजूनही हीच भाषा वापरतात, एक रेघ म्हणजे इटॅलिक, दोन रेघा म्हणजे स्मॉल कॅप्स (कॅपिटलच, पण स्मॉल अक्षराच्या उंचीची), तीन रेघा म्हणजे कॅपिटल, अन् नागमोडी रेघ म्हणजे बोल्ड.

म्हणजे अंडरलाईन ही इटॅलिकच्या जागेवर उभी राहिलेली खूण आहे. कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या टाईप केलेल्या थिसिसमध्ये पुस्तकांच्या नावाखाली रेघा दिसतात त्या ह्यामुळे, पण त्या पाहून तुम्ही आता वर्डमध्ये रेघा मारायची गरज नाही, तुमच्याकडे इटॅलिक आहे. अन् एकाच शब्दाला इटॅलिक आणि अंडरलाईन दोन्ही देणं म्हणजे तेच दोनदा सांगणं झालं. शिवाय स्क्रीनवर आता अंडरलाईन म्हणजे लिंक, गाईडला पाठवलेल्या पीडीएफमध्ये रेघ असलेला शब्द दिसला की बोट आपोआप क्लिक करायला जातं.

मग अंडरलाईन वापरायचीच नाही का, तर हातानं लिहिताना जरूर वापरायची. परीक्षेच्या पेपरात तिरपं अक्षर काढता येत नाही, तिथे पुस्तकाचं नाव, शास्त्रीय नाव ह्यांच्याखाली रेघ हीच बरोबर पद्धत. फक्त शास्त्रीय नावात दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारा, सलग एक नाही. हेच टाईप करताना हवं असेल तर वर्डमध्ये कंट्रोल शिफ्ट डब्ल्यू दाबा, त्यानं शब्दांखालीच रेघ येते, मधली जागा मोकळी राहते.

इटॅलिक, इंग्रजी मजकुरात

पुस्तकांची नावं, जर्नलची नावं, वर्तमानपत्रांची नावं, सिनेमांची नावं इटॅलिकमध्ये. म्हणजे १९११ पासूनचं आपलं नागपूरचं 'द हितवाद' इंग्रजी थिसिसमध्ये आलं तर ते नाव तिरपं, पण त्यात छापून आलेल्या एखाद्या लेखाचं शीर्षक तिरपं नाही, ते दुहेरी अवतरणात. सोपं धरायचं तर जे स्वतंत्र छापून विकलं जातं ते इटॅलिक, त्याच्या पोटातला तुकडा अवतरणात. हे चालू मजकुराचं. मागच्या संदर्भयादीत मात्र तुमची स्टाईल, म्हणजे संदर्भ लिहिण्याची ठरलेली पद्धत, कोणती त्यावर आहे, एमएलए अन् एपीए ह्या तशा दोन पद्धती, एमएलएमध्ये लेखाचं शीर्षक अवतरणातच राहतं, एपीएमध्ये ते साधं, अवतरण पण नाही अन् तिरपं पण नाही, फक्त जर्नलचं नाव आणि त्याचा खंड क्रमांक तिरपा, आणि अंकाचा जो क्रमांक कंसात येतो तो परत सरळ. इथे लोक भयानक घोळ घालतात, अर्धी यादी एका पद्धतीनं अन् अर्धी दुसऱ्या. गाईडला पहिल्याच महिन्यात विचारून घ्या कोणती स्टाईल, आणि मग शेवटपर्यंत तीच ठेवा. गीता, बायबल, कुराण असे धर्मग्रंथ मात्र सहसा इटॅलिकमध्ये लिहीत नाहीत, सुरुवातीचं अक्षर कॅपिटल एवढंच पुरतं.

शास्त्रीय नावांचं तर आपल्या भागात रोजचं काम आहे, संत्र्यावर, सागावर, वाघावर किती लोक लिहून राहिले. संत्र्याचं नाव सिट्रस रेटिक्युलाटा, ह्यात सिट्रसचा सी कॅपिटल, रेटिक्युलाटाचा आर स्मॉल, दोन्ही शब्द तिरपे. दुसऱ्यांदा नाव आलं की नुसतं कॅपिटल सी, टिंब आणि पुढचा शब्द, तेही तिरपंच. पुढे ब्लांको हे नाव लिहिण्याचा रिवाज आहे, ज्यानं हे नाव दिलं त्याचं ते नाव, म्हणून ते सरळ अक्षरात. कुळाचं नाव रुटेसी, ते कॅपिटलनं सुरू होतं पण तिरपं करत नाहीत. आणि जाती माहीत नसली की जे एसपी टिंब लिहितो ते कधीच तिरपं नसतं, हे मात्र जवळपास प्रत्येक फाईलमध्ये चुकलेलं असतं कारण लोक माऊसनं पूर्ण ओळ सिलेक्ट करून इटॅलिक दाबतात. वाघाच्या पँथेरा टायग्रिसचंही हेच सगळं.

एक अडचण नेहमी येते, चॅप्टरचं हेडिंग कॉलेजच्या फॉरमॅटप्रमाणे पूर्ण कॅपिटलमध्ये आहे अन् त्यात संत्र्याचं शास्त्रीय नाव आहे. सगळं कॅपिटल केलं तर कोणता शब्द प्रजातीचा (सिट्रस) अन् कोणता जातीचा (रेटिक्युलाटा) हा फरकच पुसला जातो. तिथे बाकी हेडिंग कॅपिटल असू द्या, शास्त्रीय नाव आपल्या नियमानंच राहू द्या, कुणी हरकत घेत नाही. आणि पूर्ण हेडिंगच तिरपं असेल तर उलट करायचं, शास्त्रीय नाव सरळ करायचं, म्हणजे ते वेगळं उठून दिसतं.

आपल्याकडचे शब्द इंग्रजीत लिहिताना काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण आपला विषयच इथला असतो. समजा तुम्ही संत्र्याच्या आंबिया बहार आणि मृग बहारावर लिहिता, किंवा भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर, किंवा झुडपी जंगलाच्या जमिनीवर. हे शब्द इंग्रजी वाचकाला परके आहेत, म्हणून पहिल्यांदा येतील तेव्हा इटॅलिकमध्ये लिहा, लगेच एका वाक्यात अर्थ सांगा, आणि पुढे तोच शब्द पन्नासदा येणार असेल तर साध्या अक्षरात लिहा. प्रत्येक वेळी तिरपं केलं तर पान डोळ्याला टोचतं, आणि आपलाच शब्द आपणच परका ठरवून बसतो असं मला वाटतं. जे शब्द इंग्रजी डिक्शनरीतच आहेत, लाख, करोड, बाजार, गुरू, त्यांना इटॅलिकची गरज नाही. आणि विशेषनामं कधीच तिरपी करू नका. पोळा हे सणाचं नाव, ते फक्त कॅपिटल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे जी मारबत निघते, तर मारबत हा पुतळ्याचा प्रकार म्हणून लिहिलं तर पहिल्यांदा तिरपं आणि स्मॉल, पण काळी मारबत, पिवळी मारबत असं त्या ठरावीक मारबतींचं नाव म्हणून लिहिलं तर कॅपिटल आणि सरळ.

वकिलीवाल्यांसाठी थोडक्यात: खटल्याचं नाव इटॅलिक, म्हणजे केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य हे पक्षकारांचं नाव पूर्ण तिरपं, कोर्टाचं नाव अन् १९७३ हे वर्ष सरळ. कायद्याचं नाव तिरपं करत नाहीत, इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२ हे कॅपिटलनं लिहिलं की झालं.

जोर देण्यासाठी इटॅलिक चालतं, पण एखाद्या पानावर एखादा शब्द, त्याहून जास्त नको. आणि दुसऱ्याच्या उताऱ्यातला शब्द तुम्ही तिरपा किंवा ठळक केला तर शेवटी लिहावंच लागतं की भर माझा आहे, नाहीतर वाचणारा समजतो की मूळ लेखकानंच तसं लिहिलं होतं. हे प्रामाणिकपणाचं काम आहे, विसरू नका.

सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना एक गोष्ट शिकवतच नाहीत की नुसत्या तिरकेपणानं अर्थ बदलतो. सूत्रात तिरपा स्मॉल एम म्हणजे वस्तुमान ही राशी, सरळ स्मॉल एम म्हणजे मीटर हे एकक. राशी नेहमी तिरप्या, एककं नेहमी सरळ.

कॅपिटल

एककांवरून निघालंच तर तिथूनच सुरू करतो. किलोचा के स्मॉल असतो, कॅपिटल के म्हणजे केल्व्हिन, तापमान. कळमन्याच्या बाजारातल्या बोरीवर केजी पूर्ण कॅपिटलमध्ये छापलेलं असतं ते असू द्या, रिपोर्टमध्ये दोन्ही अक्षरं स्मॉल. वॅटचा डब्ल्यू कॅपिटल कारण तो माणसाच्या नावावरून आला, पण अक्षरी पूर्ण शब्द लिहिला तर वॅट, न्यूटन हे स्मॉलनं सुरू होतात. आणि मेगावॅटचा एम कॅपिटल, मिलिवॅटचा स्मॉल, दोघांत शंभर कोटी पटीचा फरक. कोराडीचा ६६० मेगावॅटचा संच लिहिताना एम स्मॉल पडला तर तुम्ही पूर्ण एक वॅटही नाही असं पॉवर स्टेशन लिहून दिलं. पीएचमध्ये पी स्मॉल, एच कॅपिटल, वाक्याच्या सुरुवातीला आला तरी तसाच.

साध्या इंग्रजीत आपल्या लोकांचं कॅपिटल चुकतं ते एकाच कारणानं, आदर दाखवायला किंवा महत्त्व दाखवायला म्हणून कॅपिटल करतात. कॉलेज, प्रिन्सिपल, युनिव्हर्सिटी, स्टुडंट, प्रोजेक्ट, हे शब्द नुसते आले तर स्मॉल. नावाचा भाग म्हणून आले तरच कॅपिटल. प्रोफेसर आणि पुढे नाव असेल तर पी कॅपिटल, प्रोफेसरांनी सांगितलं असं म्हणायचं असेल तर स्मॉल. दिशांचंही असंच, नागपूर नॉर्थ हे विधानसभेच्या मतदारसंघाचं नाव म्हणून आलं तर कॅपिटल, पण नागपूरच्या उत्तरेकडच्या भागात एवढंच सांगायचं तर स्मॉल. नाग रिव्हर पूर्ण नाव लिहिलं तर रिव्हरचा आर कॅपिटल, नंतर नुसती द रिव्हर म्हटलं तर स्मॉल. वार आणि महिने कॅपिटल, पण ऋतू स्मॉल, विंटर, समर, मान्सून सगळे.

बायोडाटामध्ये हे फार दिसतं. विषयांची नावं केमिस्ट्री, हिस्ट्री, इकॉनॉमिक्स ही स्मॉल, पण मराठी, हिंदी, इंग्लिश ह्या भाषा म्हणून कायम कॅपिटल. बॅचलर ऑफ आर्ट्स पूर्ण डिग्रीचं नाव म्हणून कॅपिटल, पण बॅचलर्स डिग्री असं मोघम लिहिलं तर स्मॉल. हार्डवर्किंग, टीम प्लेअर ह्यांना कशाला कॅपिटल हवं, काढून टाका. संस्थेच्या नावात मधले ऑफ, अँड, द हे स्मॉल राहतात, विश्वेश्वरय्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्यातला ऑफ स्मॉल आहे. आणि व्हीएनआयटी, नीरी अशी आद्याक्षरांची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये, मधे टिंबं न देता, पण पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण नाव लिहून कंसात आद्याक्षरं द्यायची.

अख्खा परिच्छेद कॅपिटलमध्ये कधीच टाईप करू नका. स्मॉल अक्षरांत काही वर चढतात, काही खाली उतरतात, त्यामुळे शब्दाला आकार येतो, कॅपिटलमध्ये सगळी सारख्या उंचीची, शब्द नुसते चौकोन दिसतात आणि वाचायला वेळ लागतो. अन् ईमेलमध्ये तर समोरच्याला तुम्ही ओरडून राहिले असं वाटतं, अर्जंट शब्द कॅपिटलमध्ये लिहिल्यानं काम लवकर होत नाही. कव्हर पेजवरचं शीर्षक चालतं, बँकेचे-पासपोर्टचे फॉर्म चालतात, तिथे एकेका चौकटीत एक अक्षर नीट वाचता यावं म्हणून ब्लॉक लेटर मागतात. बाकी नाही.

आता मराठीचं

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही, आणि त्यामुळे आपलं काही अडत नाही. पण इटॅलिक पण मुळात नव्हतं. वर्डमध्ये मराठी शब्दावर कंट्रोल आय दाबलं तर बहुतेक फॉन्टमध्ये तिरपं अक्षर बनवलेलंच नसतं, कॉम्प्युटर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो. शिरोरेघ आडवीच राहते, खालचे दांडे कलतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार कुठल्या अक्षराचा ते कळत नाही. मोजक्या नव्या फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं नीट काढलेली आहेत, पण डीटीपीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती सापडतीलच असं नाही. म्हणून माझं सरळ सांगणं आहे, मराठी थिसिसमध्ये इटॅलिक वापरूच नका.

अंडरलाईन तर त्याहून घातक. आपले उकार, ऊकार, ऋकार, पाय मोडलेला हलन्त, हे सगळे अक्षराच्या खाली असतात, आणि रेघ बरोबर त्यांच्यातून जाते. 'सुर' म्हणजे देव, 'सूर' म्हणजे गाण्यातला, 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा, रेघेखाली ऱ्हस्व-दीर्घ दिसेनासं झालं की वाचणाऱ्यानं कोणता शब्द धरायचा? शुद्धलेखनाचे मार्क जिथे कापले जातात तिथे तर बरोबर लिहिलेलं पण चूक दिसतं. आपल्या ऑफिसच्या पत्रांत 'विषय :' ह्या ओळीखाली रेघ मारायची सवय पक्की आहे, ती रेघ पाहिजेच असेल तर अंडरलाईनचं बटण न दाबता त्या परिच्छेदाला खालची बॉर्डर द्या, ती अक्षरांपासून थोडी दूर राहते अन् उकार शाबूत राहतात. नुसतं ठळक केलं तरी पुरतं.

मग मराठीत इटॅलिकच्या जागी काय, तर आपल्याकडे पद्धत आहेच, शाळेत शिकलेली. पुस्तकाचं, मासिकाचं, नाटकाचं नाव एकेरी अवतरणात, एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचं तर तोही एकेरी अवतरणात, आणि कुणाचं बोलणं किंवा उतारा जसाच्या तसा असेल तर दुहेरी. जोर द्यायला ठळक टाईप, पण ठळकचा फॉन्ट खरा असला पाहिजे. ज्या फॉन्टला स्वतंत्र बोल्ड नाही त्यात कॉम्प्युटर नुसतं अक्षर जाड करतो अन् ध, भ, घ ह्यांच्या आतली जागा बुजून जाते. निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता ह्यांत बोल्ड नीट बनवलेलं आहे, मुक्तामध्ये तर सात जाडीचे प्रकार आहेत आणि ते फुकट मिळतात. अक्षरांमधली जागा वाढवून जोर देण्याच्या भानगडीत पडू नका, शिरोरेघ जागोजागी तुटते.

मराठी थिसिसमध्ये मधेच रोमन लिपीत शास्त्रीय नाव किंवा इंग्रजी पुस्तकाचं नाव आलं तर त्याला मात्र रोमनचे नियम, तेवढं तिरपं. तेच नाव देवनागरीत लिहिलं तर सरळ ठेवा.

कृतिदेव हा जुना फॉन्ट वापरणाऱ्यांनी एक जपा, अन् अजून पुष्कळ लोक वापरतात. कृतिदेवमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त दिसतात मराठी. स्मॉल यू म्हणजे पूर्ण न, कॅपिटल यू म्हणजे अर्धा न. त्यामुळे वर्डचं ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं तेव्हा तुमचं पूर्ण अक्षर अर्धं होऊन जातं आणि कळतही नाही. ऑटोकरेक्टच्या ऑप्शनमध्ये जाऊन वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची टिक काढून टाका. आणि हेडिंगवर चुकून शिफ्ट एफ थ्री दाबू नका, ते केस बदलायचं बटण आहे, इंग्रजीत कामाचं पण कृतिदेवमध्ये अख्खी ओळ अगम्य होते. युनिकोडमध्ये मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं, त्यात टाईप केलेल्या मराठीवर ह्याचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून जमत असेल तर युनिकोडवरच या.

काम सगळं झाल्यावर तपासायचं कसं ते सांगतो. कंट्रोल एच उघडा, दोन्ही चौकटींत तेच शास्त्रीय नाव टाका, खालच्या चौकटीत कर्सर ठेवून कंट्रोल आय दाबा आणि रिप्लेस ऑल करा, पूर्ण फाईलमधलं ते नाव एका फटक्यात तिरपं होतं. पुस्तकांची नावं, खटल्यांची नावं ह्यांनाही असंच. मग फाईल स्वतःच्या कॉम्प्युटरवरच पीडीएफ करा अन् दुकानात पीडीएफच घेऊन जा, कारण वर्डची फाईल नेली अन् तिथे तुमचा फॉन्ट नसला तर बोल्ड-इटॅलिक सगळं बनावट येतं. आणि तीनशे पानं काढायला सांगण्याआधी दोनच पानं प्रिंट करून पाहा, एक जिथे विषय-शीर्षक आहे ते आणि एक संदर्भयादीतलं.